मेल्यावर कॅमेऱ्याकडे बघून हसायचं

मालिकेत कुणाला तरी मारायचं ठरलं, तेव्हा दोन नावं चर्चेत होती. माझा नवरा आणि गाय.

नवरा म्हणजे मालिकेतला. घरचे माझे सुखरूप आहेत. रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेत, आणि वर्तमानपत्र वाचून झालं की घडी न घालता टाकून देतात, याखेरीज त्यांचा मला काही त्रास नाही. मालिकेतले यजमान म्हणजे नीलकंठ पिषारडी. वळसरवाक्कमच्या एका भाड्याच्या बंगल्यात आम्ही सहा वर्षं संसार केला. वडपळनीच्या मुरुगाला दोन बायका आहेत, मला दोन नवरे. रोज सकाळी त्याचं दर्शन घेऊन शूटिंगला जाताना मला कधी संकोच वाटला नाही. आम्ही एकमेकांना समजून घेतो.

मालिकेचं नाव 'कोलमिट्ट वासल', म्हणजे रांगोळी घातलेला उंबरा. ती रांगोळी पहिल्या दिवशी एकदा घातली होती. पुढे रोज कोण घालणार, म्हणून ऑइलपेंटने रंगवून टाकली. त्या उंबऱ्याच्या आत मी विशालम, घरातली थोरली, सगळ्यांची पाट्टी म्हणजे आजी. पिषारडी सगळ्यांचे तात्ता, म्हणजे आजोबा. मग मुलगे, एक चांगली सून, एक वाईट सून, आणि अंगणात लक्ष्मी नावाची गाय. वाईट सून सोमवारी कशात तरी विष कालवायची आणि शुक्रवारपर्यंत ते भलत्याच माणसाच्या पानात जायचं. यावर आमची सहा वर्षं निघाली.

मग लोकांनी बघणं कमी केलं. चॅनेलच्या बाई बंगल्यावर आल्या, साखरेशिवाय कॉफी प्यायल्या आणि म्हणाल्या की घरात एक मरण हवं. लेखक कदिरेसन म्हणाला की गाय मेली तर बायका फार रडतील. बाई म्हणाल्या, रडतील आणि मग दुसरं चॅनेल लावतील. लक्ष्मीला पोंगलच्या दिवशी प्रेक्षकांकडून हार येतात. तात्तांना कधी आले नव्हते. त्यातून पिषारडींनी त्याच आठवड्यात भाचीच्या लग्नासाठी रजा मागितली होती. जो माणूस नाहीतरी येणार नाही तो मारायला सोयीचा असतो, त्यामुळे गाय वाचली.

बातमी त्यांना सांगायचं काम दिग्दर्शक इळंगोने कदिरेसनवर ढकललं. कदिरेसनने ती मेकअपच्या खोलीत सांगितली, माझ्यादेखत. पिषारडी चेहऱ्याला पावडर लावून घेत होते. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"मला काशीला पाठवा," ते म्हणाले. "काशीला गेलेला माणूस परत येतो. फोटोत गेलेला येत नाही."

"सार, काशीत आपल्या घरची दोन माणसं आधीच आहेत," कदिरेसन म्हणाला. "धाकटी आत्या गेली. तिला शोधायला तिचा नवरा गेला. आता तुम्हीही गेलात तर लोक विचारतील, तिथे असं आहे तरी काय."

"मग अमेरिकेला पाठवा."

"अमेरिकेतला मुलगा तुमच्या कार्यासाठी येतोय, सार. त्याला विमानात बसवून झालंय."

म्हणजे मुलगा आधी विमानात बसला आणि बाप मरायचा मागाहून ठरला. आमच्याकडे असंच चालतं. कुणाच्या तारखा मिळतील त्याप्रमाणे जन्ममृत्यू होतात.

त्यांची अडचण मला ठाऊक होती. आपल्या गावाहून, ओट्टपालमहून, कोडंबाक्कमला सिनेमावाल्यांच्या वस्तीत आले तेव्हा ते विशीत होते आणि नायक व्हायला आले होते. नायकाचा मित्र झाले, मग हवालदार, मग पोस्टमन, मग न्यायाधीश. केस पिकत गेले तसतसं हुद्दा वाढला आणि वाक्यं कमी झाली. तमिळ बोलताना जिभेवरचं मल्याळम काही गेलं नाही, त्यामुळे सत्तरी ओलांडल्यावर कुणी बोलावेना. आमच्या मालिकेने तात्ता पालक्काडच्या, म्हणजे मल्याळम मुलखाच्या, सीमेवरचे आहेत असं ठरवून टाकलं, म्हणून त्यांचं भागलं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. साळिग्राममला एका खोलीत राहायचे. सकाळी बंगल्यात पाऊल टाकलं की दिवे लावणारे, भांडी घासणारी, गायवाला, सगळे त्यांना तात्ता म्हणायचे. हे काम गेलं की खोली सोडून ओट्टपालमला भाच्याकडे जाऊन राहायचं, एवढंच उरलं होतं.

"तिथे मला कुणी हाकलणार नाही, विशालम," ते मला म्हणाले. कॅमेरा बंद असला तरी ते मला याच नावाने बोलवायचे. "पण कुणी हाकही मारणार नाही."

मी म्हटलं की मुरुगाला सांगून बघते. ते म्हणाले, त्याला म्हणावं चॅनेलच्या बाईंशी बोल.

मरण सोमवारी होतं. सगळी तयारी प्रॉडक्शन मॅनेजर सुडलैमुत्तूने केली होती. त्याच्या गावचा देव स्मशानातला, नाव त्याच देवाचं, आणि कोडंबाक्कमपासून पोरूरपर्यंत मयताचा प्रसंग उभा करावा तर त्यानेच. लग्नाच्या प्रसंगाला तो पुष्कळदा केळीचे खांब विसरतो. मयताला मात्र तो कधी काही विसरलेला नाही. बर्फाची काचेची पेटी आली. काचेत दिवे चमकायला लागले म्हणून ती परत गेली आणि बाकावर निजवायचं ठरलं. झेंडूचे आणि गुलाबाचे हार आले. हनुवटीखालून डोक्यावर बांधायची पट्टी, पायाचे अंगठे बांधायचा दोरा, नाकातला कापूस, कपाळावर ठेवायचं रुपयाचं नाणं. भिंतीवर लावायचा मोठा फोटो पिषारडींनी स्वतः निवडून दिला होता. तिशीतला. कदिरेसन म्हणाला, हा तात्तांच्या नातवासारखा दिसतोय. पिषारडी म्हणाले, एकदाच मरायचं आहे तर नीट दिसू दे.

इथे आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. पडद्यावर जो मेला, त्याने शॉट झाल्या झाल्या उठून बसायचं आणि कॅमेऱ्याच्या डोळ्यात बघून हसायचं. कॅमेरा तेव्हा चालू हवा. मरणाचं चित्र जसं घेतलं तसं हसण्याचंही घ्यावं लागतं, म्हणजे वर कुणी हिशेब बघत असेल तर त्याला दोन्ही दिसतील. मग कोहळा ओवाळून रस्त्यावर फोडायचा आणि मग जेवण. हसणं झाल्याशिवाय जेवण सुटत नाही. मोठमोठे नट, जे घरी देवाला हात जोडत नाहीत, तेही मेल्यावर इमानदारीत हसतात. ही हसणी कधी कुणाला दाखवत नाहीत. एडिटर ती कापून फेकून देतो.

मी रडायला बसले. मला खोटं रडायला डोळ्यात काही घालावं लागत नाही, तशी वेळही त्या दिवशी आली नसती. माझं खरं मंगळसूत्र ब्लाउजच्या आत पिनेने अडकवलं होतं. बाहेर कंपनीचं होतं. शुक्रवारी माझं कुंकू पुसायचा प्रसंग लावला होता, त्यासाठी फिकट साडी इस्त्री करून खुंटीला टांगलेली मला समोर दिसत होती. मी पिषारडींच्या छातीवर डोकं ठेवलं. त्यांचं काळीज व्यवस्थित चालू होतं. कानाशी ऐकू येत होतं आणि ते ऐकत मी ते थांबल्याबद्दल टाहो फोडत होते.

जनरेटर कुरकुरायला लागला होता. इळंगोला घाई झाली. शॉट संपला तरी तो कट म्हणाला नाही. तसंच चालू ठेवा म्हणाला, अक्का बाजूला होऊ नका, सार, तुम्ही तसेच उठा आणि हसून टाका, म्हणजे सगळे जेवायला मोकळे.

पिषारडी उठले नाहीत. इळंगोने पुन्हा सांगितलं. मला वाटलं त्यांना ऐकू गेलं नसेल, म्हणून मी हळूच चिमटा काढला. ते पडून राहिले. मला तेव्हा समजलं की हसले की या घरातलं त्यांचं काम संपणार, म्हणून माणूस जेवढा वेळ मिळेल तेवढा वेळ मेलेला राहतो आहे.

मग त्यांनी एक डोळा उघडला. उठून बसले. कपाळावरचं नाणं घरंगळत माझ्या ओटीत पडलं. नाकातला कापूस काढला, आधी एक, मग दुसरा, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि हसले. ते नुसती रीत पाळण्याचं हसणं नव्हतं. कोडंबाक्कममध्ये इतकी वर्षं ज्यांनी ज्यांनी दार लावून घेतलं, त्या सगळ्यांना वाकुल्या दाखवून झाल्यासारखे दात काढून हसले.

सुडलैमुत्तूने कोहळा फोडला. त्या दिवशी जेवणात पायसम, म्हणजे खीर होती. मयताच्या दिवशी पायसम का, असं कुणी विचारलं नाही, कारण ते निरोपाचं होतं. इळंगोने पिषारडींना शाल पांघरवली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि पिषारडी संध्याकाळच्या गाडीने ओट्टपालमला गेले. खोलीची किल्ली जाताना घरमालकाला दिली.

तो भाग गुरुवारी संध्याकाळी साडेसातला लागला. आमचे घरचे मालिका बघत नाहीत, असं ते सगळ्यांना सांगतात. साडेसातला कधी बाहेरही जात नाहीत. मुरुक्क्याचा, म्हणजे चकल्यांचा डबा मांडीवर घेऊन बसले. मी दिवा लावून आले तेव्हा माझं रडणं चालू झालं होतं.

आता डॉमिनिकचं सांगायला हवं. हा आमचा एडिटर. साळिग्राममला एका काळ्या पडद्याच्या खोलीत राहतो, असंच म्हणायला हवं, कारण बाहेर कुणी त्याला पाहिलेलं नाही. मालिकेचा भाग लांबीला कमी पडला की शेवटचा शॉट ताणायचा, ही त्याची पद्धत. त्याची एकट्याची नाही, सगळ्यांचीच. चेहरा, वीज, चेहरा, वीज, ढोल, पुन्हा चेहरा. त्या दिवशी भाग पुष्कळच कमी पडला होता आणि शेवटचा शॉट मध्ये न कापलेला, लांबलचक मिळालेला. डॉमिनिकने पुढचं न बघता टोक धरून हवा तेवढा ओढला, वर ढोल टाकले आणि बिर्याणी खायला गेला.

तर पडद्यावर मी यजमानांच्या छातीवर पडून आक्रोश करते आहे. वीज चमकते. वाईट सून दाराआड गालात हसते. ढोल वाजतात. आणि माझ्या डोक्यामागे मयताचा एक डोळा उघडतो.

घरच्यांचा हात डब्यातच राहिला.

"उठला की गं तुझा नवरा," ते म्हणाले.

पडद्यावर नाणं घरंगळलं. कापूस निघाला, आधी एक, मग दुसरा. पिषारडी भारतभर आणि सिंगापूर, मलेशियातसुद्धा दात काढून हसले, त्या हसण्यावर चित्र थांबलं आणि खाली अक्षरं आली, क्रमशः.

"मग शुक्रवारचं कुंकू?" घरच्यांनी विचारलं. ते इतके उत्सुक मला लग्नातही दिसले नव्हते.

त्यानंतर जे झालं ते मी ऐकलंय तसं सांगते. इळंगोने डॉमिनिकला फोन करून धंदा सोडून मासे विकायला जा म्हणून सांगितलं. चॅनेलच्या बाईंनी इळंगोला तेच सांगितलं, फक्त इंग्रजीत. मग बायकांचे फोन यायला लागले. तिरुनेलवेलीच्या एका बाईने समयपुरम्‌च्या देवीला पाट्टीचं कुंकू राहू दे म्हणून नवस बोलला होता आणि तो पावला म्हणून ती रडत होती. दुसरीचं म्हणणं, तो मालिकेतला डॉक्टर पहिल्यापासून बरोबर नव्हता. कोईम्बतूरच्या एकीने सांगितलं की तात्तांना सुनेच्या विषाचा सुगावा लागला होता, म्हणून त्यांनी मेल्याचं सोंग केलं आणि आता एकेकाला बघून घेणार आहेत. कदिरेसनने हे तिसरं उचललं. त्याच्याजवळ स्वतःचं काही नव्हतं. वाईट सुनेचं काम करणारी मुलगी बिचारी रात्रीच्या भाजीला गेली, तर भाजीवाली म्हणाली, आता तुझं काही खरं नाही.

सकाळपर्यंत आकडा आला. सहा वर्षांत एवढ्या लोकांनी आम्हाला बघितलं नव्हतं. मी बंगल्यावर पोचले तेव्हा इळंगो डॉमिनिकला फोनवर 'तंबी, तंबी' म्हणजे धाकटा भाऊ म्हणून आळवत होता, आणि दिवे लावणाऱ्यांना सांगत होता की शॉट न कापण्याची कल्पना मुळात त्याची. ते खरंही होतं. फाटकाशी दोन बायका नारळ आणि हळदकुंकू घेऊन उभ्या होत्या.

तात्ता जिवंत, हे ठरलं. शूटिंग लगेच सुरू करायचं होतं, रात्रीच्या भागासाठी. पण तात्ता नव्हते. सुडलैमुत्तू पहाटेपासून फोन लावत होता आणि पिषारडींचा फोन बंद येत होता. भाच्याचा नंबर कुणाजवळ नव्हता. ओट्टपालमला माणूस धाडायचा तर दिवस जाणार.

चॅनेलच्या बाईंनी फोनवरून सुचवलं की मग पाटी लावा. ही पाटी तमिळ मालिका बघणाऱ्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. नट बदलला की पडद्यावर दोन फोटो येतात, जुना आणि नवा, आणि खाली लिहिलेलं असतं, यांच्याऐवजी हे. मग लोक काही विचारत नाहीत. आमची चांगली सून अशी तीनदा बदलली. धाकटा मुलगा तर सकाळी ऑफिसला गेला तो एक होता आणि संध्याकाळी आला तो दुसरा. मी त्याला दहीभात वाढला.

सुडलैमुत्तूने राजमाणिक्कमला बोलावून घेतलं. चांगला माणूस. गेल्या वर्षी आमच्याच मालिकेत इन्स्पेक्टर होऊन त्याने पिषारडींना अटक केली होती. त्याला पिषारडींचं धोतर नेसवलं, हनुवटीला पट्टी बांधली, कपाळावर नाणं ठेवलं, नाकात कापूस घातला आणि बाकावर निजवलं. मला सांगितलं, अक्का, सोमवारसारखं छातीवर डोकं ठेवा, तिथूनच उचलायचं आहे.

मी जवळ जाऊन उभी राहिले. ओळखीचा माणूस, नमस्कार-चमत्कार असलेला. छाती त्याची पिषारडींपेक्षा रुंद होती. मला डोकं ठेवता येईना.

"मी नाही हे करणार," मी म्हटलं.

माझा आवाज मुळात लहान. इळंगोला वाटलं मी पाणी मागितलं, म्हणून त्याने पाणी मागवलं. मग मी पुन्हा सांगितलं.

इळंगो माझ्याजवळ येऊन खाली बसला. चिडला नाही. शुक्रवारी मी उपाशी असते हे त्याला माहीत आहे आणि उपाशी बाईशी तो जपून बोलतो. म्हणाला की अक्का, मुलगा बदलला तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत, सून बदलली तेव्हा तुम्ही नव्या सुनेला तुमची साडी दिलीत. मग आताच काय झालं?

"मुलगा मोठा होताना बदलतोच," मी म्हटलं. "सून तर माहेरहून येतानाच वेगळी येते. नवरा बदलला तर त्याला दुसरं नाव आहे, इळंगो, आणि ते साडेसातला दाखवता येत नाही."

दिवे लावणारे हसले. इळंगो हसला नाही.

"अक्का, हा पडद्यावरचा नवरा आहे."

"म्हणूनच सांगते. घरच्याशी माझं लग्न एकदाच झालं. यांच्याशी मालिकेत दोनदा झालंय, साठीशांतीचं धरून. पंक्ती उठल्या, लोकांनी घरबसल्या अक्षता टाकल्या. सोमवारी मी रडले ती पिषारडींसाठी रडले, आणि उठले तेही तेच. त्या दोन बायका फाटकाशी नारळ घेऊन कुणासाठी उभ्या आहेत?" मग मी बाकावरच्या माणसाकडे वळले. "तुमच्याबद्दल काही नाही, अण्णा."

राजमाणिक्कमने मान हलवली. नाकात कापूस असल्याने त्याला बोलता येत नव्हतं, पण त्याला पटलेलं दिसलं.

इळंगो म्हणाला की चॅनेलला काय सांगू. मी म्हटलं, पाटी लावायचीच असेल तर दोन लावा. तात्तांची एक, पाट्टीची एक. वाटलं तर गायीचीही लावा, म्हणजे नवं घर होईल. आणि मी जाऊन तुळशीच्या कट्ट्यावर बसले. हे काम गेलं तर मला खायला कमी पडणार नव्हतं, घरच्यांची पेन्शन आहे. पण मला दुसरीकडे कुणी बोलावणार नाही हे मला पिषारडींइतकंच ठाऊक होतं. मी स्कंदषष्ठीचं कवच म्हणायला घेतलं. मुरुगाने डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवाचं रक्षण करावं असं त्यात मागतात. कंत्राटाचा उल्लेख कुठे नाही.

कवच अर्ध्यावर आलं असेल, तर फाटकाशी गलबला झाला. नारळवाल्या बायकांपैकी एक मोठ्याने रडायला लागली होती आणि दुसरी रस्त्यावर आडवी पडून कुणाला तरी नमस्कार करत होती. तिला वळसा घालून पिषारडी आत आले. अंगात चुरगळलेला सदरा, खांद्याला कापडी पिशवी, हातात केळ्याच्या वेफर्सचा पुडा. मला त्यांनी पाहिलं नाही. सरळ इळंगोसमोर जाऊन त्यांनी हात जोडले.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "त्या एडिटर पोराला काढू नका. मीच लवकर उठलो असणार. मला वाटलं कट झालंय."

इळंगो त्यांच्याकडे बघत राहिला. पिषारडी सांगत सुटले. काल भाच्याच्या घरी सगळी वाडी त्यांचं मरण बघायला जमली होती. ते हसले तसे सगळे पडदा सोडून त्यांच्याकडे वळले. भाच्याची सून किंचाळली. मग शेजारची म्हातारी जवळ आली आणि बोटाने टोचून बघून गेली. आपल्यामुळे सगळ्या प्रसंगाचा विचका झाला, निर्मात्याचं नुकसान झालं, या विचाराने त्यांना घास गेला नाही. जी गाडी मिळाली ती धरली आणि रात्रभर बसून आले.

"फोन का बंद ठेवला, सार?" सुडलैमुत्तूने विचारलं.

"सांत्वनाचे फोन येणार होते. मेलेल्या माणसाने फोन उचलणं बरं दिसत नाही."

एवढं बोलून झाल्यावर त्यांची नजर बाकावर गेली. आपलंच धोतर नेसलेला, पट्टी बांधलेला, कपाळावर नाणं घेऊन निजलेला माणूस त्यांनी खालीवर न्याहाळला.

"हे कोण?"

"तुम्ही," सुडलैमुत्तू म्हणाला.

राजमाणिक्कम आपण होऊन उठला. धोतर सोडून देताना त्याने पिषारडींना वाकून नमस्कार केला. बहुधा अटक केल्याबद्दल. कदिरेसनने जागच्या जागी त्याला डॉक्टर केलं. जुना डॉक्टर बायकांना नाहीतरी आवडत नव्हता. त्याच्यासाठी पाटी लावली, कुणाला काही वाटलं नाही.

पिषारडी बाकावर निजले. मी छातीवर डोकं ठेवलं. काळीज जोरात चाललं होतं, जिने चढून आल्यासारखं.

"विशालम," ते ओठ न हलवता म्हणाले, "हे लोक रागावलेले का नाहीत?"

"पडून राहा," मी म्हटलं. "तुम्ही जिवंत झालात."

त्यांना ते समजायला वेळ लागला. इळंगोने सुरू म्हणून सांगितलं, त्यांनी डोळा उघडायचा होता, तर त्या डोळ्यातून पाणी आलं. मेकअपवाली पुसायला धावली, पण इळंगोने हाताने थांबवलं. तेवढी अक्कल त्याला आहे. मग तात्ता उठून बसले आणि दाराआड उभ्या असलेल्या वाईट सुनेकडे बोट दाखवलं. मी कुंकवाचा करंडा शोधत घरभर पळाले. फिकट साडी खुंटीवरून निघून इस्त्रीवाल्याकडे परत गेली. हार घातलेला फोटो सुडलैमुत्तूने भिंतीवरून काढला आणि वर्तमानपत्रात नीट गुंडाळून माळ्यावर ठेवला. फेकला नाही. लागेल, म्हणाला.

शॉट झाल्यावर घोटाळा झाला. सवयीने सुडलैमुत्तूने कोहळा आणून ठेवला होता. पण आज कुणी मेलं नव्हतं, उलट झालं होतं, आणि माणूस जिवंत झाल्यावर काय फोडायचं हे त्याच्या गावच्या देवालाही माहीत नसावं. हसायचं की नाही यावर चर्चा चालली. तोवर कोहळ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, ते लक्ष्मीचं गेलं. निम्मा खाऊन झाल्यावर गायवाल्याला दिसलं. त्या अर्थी दृष्ट उतरली असं धरून जेवणाची सुट्टी दिली.

आम्ही दोघं मेकअपच्या खोलीत बसलो. पिषारडींच्या पानात सांबारभात आणि वडे होते. कालपासून जेवले नव्हते, त्यामुळे बराच वेळ नुसते जेवत राहिले. मी त्यांना सकाळचं काही सांगितलं नाही, पण दिवे लावणाऱ्यांनी सांगितलेलं असणार, कारण वेफर्सचा अख्खा पुडा त्यांनी न बोलता माझ्या पिशवीत घातला. घरमालकाकडून किल्ली परत घ्यायला हवी, म्हणाले. मग हात पानातच ठेवून थांबले.

"विशालम, खरंच जाईन तेव्हा मला उठून हसायला कोण सांगणार?"

"सुडलैमुत्तू सांगेल," मी म्हटलं. "तुम्ही हसेपर्यंत तो कुणाला जेवायला वाढणार नाही."

"मग हसावं लागेल," ते म्हणाले. "लोक उपाशी राहायला नकोत."

माझा शुक्रवार होता. माझ्या पानातले वडेही मी त्यांच्या पानात टाकले.